घरी नको, बाहेरच जेवू

४ जानेवारी, रवि.

मीरा रोडला जेवलो. म्हणजे बसलो आणि पैसे दिले. शांती नगरच्या बाजूला नवीन ‘फॅमिली रेस्टॉरंट’. पनीर दातांखाली किर्रकिर्र वाजलं. ग्रेव्ही एकच, नावं सात. सकाळी एक पातेलं उकळायचं, मग दिवसभर त्यात काय बुडवायचं ते गिऱ्हाइकाने सांगायचं. बावीस वर्षं हॉस्पिटलचं किचन सांभाळलं मी, दोन वेळा तीनशे ताटं. असली भाजी वॉर्डात पाठवली असती तर पेशंट उठून चालत घरी गेले असते.

निमित्त: प्रज्ञाला तिचा निखिल दाखवायचा होता. दोन वर्षं चाललंय. मला आज कळतंय. अशोकला दिवाळीपासून माहीत. बाप-लेक एक पार्टी, मी विरोधी पक्ष.

पोरगा ठीक. अंधेरीला तिच्याच ऑफिसात. मुर्ध्याचा, मूळ गावकरी. आजोबांची मिठागरं होती, आता गाळे भाड्याने दिलेत. मला काकी म्हणाला. नानचा तुकडा माझ्या ताटात आधी ठेवला. तो नान चामड्याचा होता हा त्याचा दोष नाही.

निघताना म्हटलं, पुढच्या वेळी घरी ये, बोंबलाचं कालवण करते.

“नको काकी, तुम्हाला उगाच त्रास. बाहेरच भेटू.”

चांगल्या वळणाचा वाटला.

७ जाने., बुध.

प्र. ऑफिसातून आली ती थेट स्वयंपाकघरात. निखिलच्या आई-वडिलांना भेटायचंय. हॉटेल तू बघ म्हणाली, कारण आम्ही बघितलं तर तू नावं ठेवशील. (मी बघितलं तरी ठेवणार.)

म्हटलं घरीच बोलावू. माणूस घर बघतो, भिंती बघतो, मग बोलणं होतं.

“आई, बाहेरच सोपं पडतं. हल्ली सगळे बाहेरच भेटतात.”

अशोक पेपर वाचत होता. पान उलटलं नाही बराच वेळ.

ठीक. तीन दर्जाची बघते. स्वस्त, मधलं, महाग. वही केलीय.

१० जाने., शनि.

स्वस्त. भाईंदर पूर्व, स्टेशनजवळ, नवघर रोडला लागून. पाटीवर ‘अस्सल मालवणी’. मालक मालवणचा नाही, आचारी मालवणचा नाही, मासा तर अजिबात नाही. सुरमई म्हणून जे ताटात आलं त्याला सुरमईने ओळखही दाखवली नसती. सोलकढी गुलाबी दूध. मी पोऱ्याला विचारलं, नारळ कुठला? म्हणाला, “पावडर है आंटी, एक नंबर.” खोटं तरी बोलायचं होतंस रे.

टेबल पुसायचं फडकं आणि फरशी पुसायचं फडकं एकच. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे बघत पुसलं.

अशोक: “बरं होतं की.” ह्या माणसाची जीभ छत्तीस वर्षं पोस्टात तिकिटं ओली करण्यात गेली.

बाद.

१३ जाने., मंगळ.

मधलं. गोल्डन नेस्टकडे, पहिला मजला, एसी. मेनूकार्ड वहीएवढं जाड. पंजाबी, चायनीज, साऊथ, तंदूर, सिझलर आणि शेवटच्या पानावर ‘महाराष्ट्रीयन’, त्याखाली दोन पदार्थ, त्यातला एक संपलेला. आपल्याच गावात आपण शेवटच्या पानावर.

मॅनेजरला म्हटलं, किचन बघायचंय. म्हणाला अलाऊड नाही. म्हटलं मग भिंतीवर पाटी कशाला लावलीयत, ‘आमचे स्वयंपाकघर पाहण्यास आपले स्वागत आहे’? गेला आत, विचारून आला. मग नेलं.

पाच आचारी, सगळे पंचविशीतले. एकाला विचारलं, कुठला? ओडिशा. दुसरा नेपाळ. बाकीचे मान खाली घालून कांदा चिरत. ओटा बरा, नाली वाईट, फ्रीजमध्ये कच्चं आणि शिजलेलं शेजारी-शेजारी. मॅनेजरला सांगितलं वेगळं ठेव. “जी मॅडम.” मी वळल्यावर सगळे हसले असणार.

तरी हेच घेते. याहून बरं मिळणार नाही आणि बाथरूमला कडी आहे.

१८ जाने., रवि.

भेटलो.

निखिलचे वडील वसंतराव. पांढरा शर्ट, दोन अंगठ्या, बोलणं गोड. आई मंदाताई. अंगभर सोनं, पण जीभ घरी ठेवून आलेली. तासभर “हां” आणि “न्हाय” यापलीकडे शब्द नाही. काटा-चमचा बाजूला सारून हाताने खाल्लं. मी बघितलं तर बोटं आखडली तिने.

कोळंबी मसाला आला. तिने एक कोळंबी उचलली, नाकाशी नेली आणि कडेला ठेवली. हळूच म्हणाली, “तीन दिसांची हाय.”

मी चाखली. तीनच दिवसांची. पूर्ण टेबलावर जीभ असलेलं माणूस एकच, आणि तेही गप्प.

वसंतरावांनी अशोकशी पेन्शनची चौकशी केली. प्रज्ञाला पगार विचारला नाही, म्हणजे आधीच माहीत असणार. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आमच्याकडे या, घरी निवांत बोलू.

“बघू, बघू,” वसंतराव हात पुसत. “बाहेरच बरं पडतं ताई. बायकांना उगाच राबायला नको.”

बायकांची एवढी काळजी. मंदाताई खाली बघत होती.

२१ जाने., बुध.

वसंतरावांचा अशोकला फोन. रविवारी त्यांचे चुलतभाऊ बाळाकाका यांच्याकडून जेवण. हायवेला, काशिमीऱ्याच्या पुढे मोठं हॉटेल. “सगळं ठरवूनच टाकू.”

प्र. खूश. मला नवी साडी नेस म्हणाली. हॉटेलासाठी नवी साडी! ताटात काय येईल ते आधी कळलं असतं तर रेनकोट घातला असता.

आपल्यालाही त्यांनी घरी बोलावलेलं नाही, हे आज भांडी लावताना लक्षात आलं. एकदाही नाही.

२५ जाने., रवि.

महाग. दारात दोन माणसं फक्त दार उघडायला. आत बुफे. तांब्याच्या भांड्यांखाली मेणबत्त्या, भात तरी थंड. ‘कोस्टल फिश करी’ असं कार्ड लावलेलं, आत बासा. समुद्र इथून गाडीने अर्ध्या तासावर आणि ताटात तळ्यातला परदेशी मासा. गोडात बारा प्रकार, बाराही एकाच साच्यातले. लोक तीन-तीन ताटं भरून घेत होते आणि दोन टाकत होते.

बाळाकाका. सोन्याचं घड्याळ, वेटरला चुटकी वाजवून बोलावतो. मला म्हणाला, “ताई, तुमच्याकडे जेवण तिखट असतं ना फार?” म्हटलं, कोणाकडे? “नाही, म्हणजे… कोकणाकडे.” चिपळूणची माणसं तिखट खातात हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं.

मग लग्नाचं. रजिस्टर करायचं, मग हॉल. “जेवण केटररचं ठेवू. म्हणजे प्रश्नच नाही.”

मी विचारलं, “कसला प्रश्न?”

निखिल पाण्याचा ग्लास फिरवत बसला. वसंतराव म्हणाले, “आईस्क्रीम घेताय ना?” मंदाताईने एकदाच माझ्याकडे बघितलं.

प्रज्ञाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. गप्प बस, असा.

आईस्क्रीम घेतलं. कुठलं ते आठवत नाही.

२६ जाने., सोम.

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन, बुंदीचा लाडू.

दुपारी प्रज्ञाला समोर बसवलं. म्हटलं, सरळ सांग.

सांगितलं. ते आपल्या घरचं खाणार नाहीत. निखिल नाही तसा. त्याची आजी. चौऱ्याऐंशी वर्षांची, घर तिच्या नावावर, शब्द तिचा. मुलगी नोकरीवाली आहे, शिकलेली आहे, करा लग्न म्हणाली. पण बौद्धांच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, आणि त्यांना इथे जेवायला बोलवायचं नाही. ती आहे तोवर.

“तुला केव्हापासून माहीत?”

“पहिल्या वर्षापासून.”

“आणि तू मला हॉटेलं बघायला लावलीस.”

“तुला कळू नये म्हणून, आई! बाहेर जेवलं की कोणाला काही म्हणावं लागत नाही. दोन वर्षं मी हेच करतेय. सांभाळून नेतेय सगळं.”

रडली. मी पाणी दिलं. ती प्यायली.

अशोक मागे उभा. म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ‘त्रास नको’ म्हणाला ना तो, तेव्हाच.”

मी फडकी बघितली, नाली बघितली, कोळंबी किती दिवसांची ते बघितलं. मीच ती हुशार बाई.

२७ जाने., मंगळ.

झोप नाही नीट.

हॉस्पिटलात एकदा एका बाईने विचारलं होतं, सिस्टर, जेवण कोण बनवतं? माझं आडनाव वाचलं होतं तिने पाटीवर. म्हटलं, सरकार बनवतं. जेवली बिचारी. सरकारचं आडनाव नसतं.

आणि त्या गोल्डन नेस्टच्या किचनमधले पाचजण, कोण ते? त्यांच्या घरी कोणी पाणी पितं का? वसंतरावांनी दोनदा रोटी मागवली होती. तेव्हा नाही विचारलं.

१ फेब्रु., रवि.

निखिलला फोन करून सांगितलं, एकटा ये. कुठे म्हणाला. म्हटलं, खारीगावला, आमच्या घरी, बिल्डिंग शोधावी लागणार नाही, प्रज्ञाला दोन वर्षं गेटवर सोडतोयस.

आला. दारात बूट काढताना खाली-वर बघितलं, जिन्यात कोणी आहे का. हॉलमध्ये समोरच बुद्धांची मूर्ती, तिच्याकडे बघून हात जोडले. घाबरला की जोडतो वाटतं.

तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, मांदेली तळलेली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. बोटं चाटली. म्हणाला, “काकी, आमच्या आईसारखं झालंय.” मला बरं वाटलं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहिताना आठवेल.

प्र.ने ताटाचा फोटो काढला. हा पटकन: “स्टेटसला नको टाकू हं.”

मग माझ्याकडे वळून, “घरी एवढ्यात कोणाला कळायला नको, काकी. मी वेळ बघून सांगतो.”

म्हटलं, “खाताना वेळ नाही बघावी लागली?”

खाली मान. ताट स्वतः उचलून बेसिनमध्ये ठेवलं, धुवायलाही लागला. प्रज्ञा त्याच्या पाठीकडे बघत होती. तिने असं बघितलेलं मला आवडलं नाही. हॉटेलात मी बिलाकडे बघते तसं.

३ फेब्रु., मंगळ.

जाहीर केलं. आता त्यांच्याबरोबर बाहेर एकही जेवण नाही. बोलायचंय तर त्यांनी माझ्या टेबलावर येऊन बोलायचं. चहा नको, जेवायलाच.

प्र.: “एका जेवणासाठी माझं लग्न मोडतेयस तू.”

उत्तर होतं. पण तिला ते माझ्याआधीपासून माहीत आहे, त्याचीच चीड आहे तिला.

दार आपटून गेली. अशोकने भाजी केली आज. मीठ विसरला. “बरं झालंय की,” स्वतःच म्हणाला.

८ फेब्रु., रवि.

पाच दिवस घरात शुकशुकाट. प्र. बाहेरूनच खाऊन येते. काय खाल्लंस विचारलं तर “फ्रँकी.” मैद्याच्या गुंडाळीत कोबी.

मंदाताईचा नंबर निखिलकडून घेतला. फोन केला. म्हटलं, मंगळवारी उत्तनला मासळी आणायला चाललेय, येता का? मला वाटलं ठेवेल. म्हणाली, “सकाली येवा. धा वाजता मासली संपते.”

एवढं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं तिचं.

१० फेब्रु., मंगळ.

स्टेशनवरून उत्तनची बस. मंदाताई मुर्ध्याला चढली, साधी साडी, सोनं नाही, हातात दोन पिशव्या. ओळखूच आली नाही.

बाजारात तर वेगळीच बाई. कल्ला उचलून बघते, बोट दाबून बघते, कोळणीशी भांडते. “ह्यो बरफाचा हाय, मना नको शिकवू.” मी एक हलवा उचलला तर हातातून काढून परत ठेवला. “डोले बघा त्याचे. मेला तवा तुमी शालेत व्हता.” चाळीस वर्षांत मला कोणी मासळी निवडायला शिकवलेलं नाही. शिकले.

बांबूंवर बोंबील वाळत होते. बसस्टॉपजवळ टपरीवर भजीपाव घेतला. तेल इंजिनाचं. दोघींनी एकदमच नाक मुरडलं, मग हसलो. पहिलं हसणं.

मग बोलली. जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहिते:

“आगरावर मीठ वढायला तुमची मानसं यायची, आमी पन. समद्यांचा एकच मडका. ऊन असा का कोनाचा हात लागला ते कोन बघनार? सांजचे घरी आलो का मंग येगला. माज्या सासूनी पन त्याच मडक्यातला पानी पिला. आता इसरली.”

मी विचारलं, तुमचं काय?

“मना काय न्हाय. पन चालीस वर्सां त्या घरान हाय. एक भाजी माज्या मनानी केली न्हाय.”

मग: “तुमी पन बघता. त्या दिशी मी हातानी खाल्ला तवा बघितलात. मना वाटला, ही शिकलेली बाई, हिला आमी गावठी.”

खरंच होतं. मी लिहिलंही होतं.

माफी मागितली का? नाही. पाव अर्धा तिला दिला. तिने घेतला. वाईट पाव होता.

बसमध्ये म्हणाली, “मी येन. कवा ते सांगन.”

१७ फेब्रु., मंगळ.

काही नाही. फोन नाही. प्र. आणि निखिलचं भांडण झालंय बहुतेक, फोनवर कुजबुज आणि मधेच “मग बोल ना त्यांच्याशी!” एवढं मोठ्याने.

मावशीकडचे आले होते. भाईंदर पश्चिमला शुद्ध शाकाहारी हॉटेलात नेलं त्यांना, पावभाजी. लोण्याखाली भाजी शोधावी लागते. शेजारच्या टेबलावरची बाई वेटरला विचारत होती, तवा वेगळा आहे ना? वेगळा आहे, वेगळा आहे. सगळ्या गावाला तवेच वेगळे हवेत.

२४ फेब्रु., मंगळ.

अशोक म्हणाला, चल, तोंड उतरलंय तुझं. रोजे चालू आहेत, नया नगरला जाऊ.

इफ्तारच्या सुमारास पोचलो. रस्ताभर गाड्या, धूर, शिगा, खजुरांचे ढीग. एका कबाबवाल्याकडे बाकावर जागा नव्हती. त्याने स्वतःच्या दोन मुलांना उठवलं, “आपा को बैठने दो.” अजान झाली, तर आधी आमच्या हातात खजूर ठेवला, मग स्वतः खाल्ला. दिवसभराचा उपाशी माणूस.

कबाब मऊ, कोळसा नीट, कांदा ताजा. काही खोट काढायची म्हणून शोधली. चटणीत पुदिना जरा जास्त. लिहिलं.

अशोक बरं आहे म्हणाला नाही. दुसरी प्लेट मागवली.

२६ फेब्रु., गुरु.

मंदाताईचा फोन. रविवारी येते. निखिल आणि ती. “ह्यांना सांगितलाय. ते येतील का न्हाय, म्हाईत न्हाय.”

प्र.ला सांगितलं. संध्याकाळी तिने पडदे धुवायला काढले.

१ मार्च, रवि.

पहाटे उठून बाजार. पापलेट घेतलं, डोळे बघून. कोळंबी आजची. कालवण, भात, भाकऱ्या, कोळंबीचं सुकं, ज्वारीच्याही एक-दोन केल्या उगाच. घामाने डबडबले. हॉस्पिटलात तीनशे ताटांना एवढी घाबरले नव्हते.

एक वाजता बेल. मंदाताई, निखिल. आणि मागे वसंतराव. हातात दोन मोठ्या पिशव्या.

“म्हटलं तुम्हाला त्रास नको,” वसंतराव. “हॉटेलातून बिर्याणी घेतली सगळ्यांना.”

पिशव्या टेबलावर ठेवल्या. माझ्या कालवणाच्या पातेल्याला टेकून. प्लॅस्टिकचे डबे, वर रबर, वास केवड्याच्या अर्काचा. निखिलने “पप्पा” एवढंच म्हटलं, तेही अर्धं. अशोक माझ्याकडे बघत होता, आता ही काय बोलते म्हणून. मी बोलणारच होते. चांगलं तयार होतं.

पण प्रज्ञा उठली. दोन वर्षं सांभाळून नेणारी. पिशव्या उचलल्या, गाठी नीट मारल्या आणि वसंतरावांच्या चपलांशेजारी दारात नेऊन ठेवल्या.

“जाताना घेऊन जा काका. आज घरी जेवण केलंय.”

आवाज चढवला नाही.

मंदाताईने बेसिनवर हात धुतले. पदराला पुसले. बसली. “भाकर द्या ताई.” भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. मग निखिल बसला. या वेळी जिन्याकडे न बघता.

वसंतराव सोफ्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. अशोकने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि समोर बसून पोस्टातल्या गोष्टी सांगत राहिला, जसं काही झालंच नाही. बऱ्याच वेळाने बघितलं तर ग्लास अर्धा होता. प्यायले की कुंडीत ओतलं, मला माहीत नाही. अशोक सांगत नाही. “मी बघितलं नाही,” म्हणतो. बघितलंय त्याने.

लग्नाचा विषय कोणी काढला नाही. पिशव्या घेऊन गेले.

मंदाताई निघताना: “कोलबी आजची व्हती.” एवढंच.

२ मार्च, सोम.

प्र. ऑफिसला डबा घेऊन गेली. कालचं कालवण. निखिलचा फोन नाही म्हणाली, चेहरा सरळ. ऑफिसात समोर बसतो की.

मी दहा वेळा मोबाईल बघितला. लाज वाटली.

३ मार्च, मंगळ.

दुपारी मंदाताईचा फोन.

सासूला तिने स्वतःच सांगितलं, जेवले म्हणून. म्हातारीने ताट बाजूला सारलं. आता सुनेच्या हातचं खाणार नाही म्हणते. वसंतराव तिच्यासाठी नाक्यावरच्या हॉटेलातून डबा आणतात दोन दिवस.

“आणि तुम्ही?”

“मी काय? मी शिजवते. निखिल खातो. ह्यांनी काल माज्या हातचा खाल्ला, आईच्या समोर. काय बोलला न्हाय. खाल्ला.”

बरं आहे म्हटलं. अशोकसारखं.

मग म्हणाली, “आयतवारी तुमी येवा. आमच्याकडं. तुमी, भाऊ, प्रज्ञा. जेवाला.”

मी विचारून टाकलं. गप्प बसायचं होतं, जमलं नाही. “मंदाताई, ताट कुठलं?”

तिकडे मागे भांडी वाजत होती, कोणीतरी खोकत होतं.

“माजा,” म्हणाली. “माज्या ताटान. मी तुमच्यासंगती.”

हो म्हटलेलं नाही अजून. संध्याकाळी सांगते म्हटलं. प्रज्ञा सातला येते.